माहुलीचा खंड्या आणि बाकीचे

आमच्या घरातलं प्रत्येक मरण मला खंड्यामुळं लक्षात आहे.

घरातलं कुणी गेलं की दहाव्याला संगम माहुलीला जायचं. साताऱ्यापासून जेमतेम चार-पाच किलोमीटर. कृष्णा आणि वेण्णा जिथं मिळतात तिथं घाट, देवळं आणि समाध्या. मोठी माणसं घाटावर पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभी राहायची. आम्हा पोरांना तिथं काही काम नसे. मग आम्ही खंड्याकडं जायचो. खंड्या म्हणजे साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांचा कुत्रा. त्याची दगडी मूर्ती तिथं चौथऱ्यावर बसलेली आहे. किती पोरांनी तिच्यावरून हात फिरवला असेल, देव जाणे. पाठीवर बसलं की आत्या लांबूनच ओरडायची, "अरे उतर, समाधी आहे ती!" आम्ही उतरायचो आणि ती वळली की परत बसायचो.

आजोबांच्या वेळी कावळा तासभर शिवेना. सगळे आळीपाळीनं शब्द देऊन बघत होते. धाकटीचं लग्न नीट लावून देऊ, विहिरीचा वाद मिटवू, गाय विकणार नाही. समोरच्या झाडावर कावळे बसलेले, पण एक हलेल तर शपथ. शेवटी शेजारचे काका कंटाळून म्हणाले, "अहो, त्यांचं पान ठेवा पान." कुणीतरी पळत जाऊन नाक्यावरनं पान आणलं, चुना जास्त. ते ठेवलं आणि हात जोडून माणसं मागं सरतात न सरतात तोच कावळा खाली. बायका रडायच्या ऐवजी हसायला लागल्या. विहिरीचा वाद अजून मिटलेला नाही.

खंड्याची गोष्ट मला तेव्हाच कुणीतरी सांगितली. शिकारीत वाघ शाहू महाराजांच्या अंगावर येत होता आणि या कुत्र्यानं त्यांना वाचवलं. ग्रँट डफनंही ती लिहून ठेवली आहे. हा ग्रँट डफ १८१८ पासून चार वर्षं साताऱ्यात कंपनी सरकारचा रेसिडेंट होता आणि मराठ्यांचा त्यानं लिहिलेला इतिहास १८२६ साली छापून आला. त्यात तो सांगतो की महाराजांनी या कुत्र्याच्या नावानं जहागिरीची सनद काढली, पालखीचा मान दिला आणि तो पाळलाही गेला. दोन सरदार भारी पोशाख करून भेटीला आले तेव्हा महाराजांनी कुत्र्याला भरजरी कपडे आणि दागिने चढवून दरबारात बसवलं आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, असंही त्यानं लिहिलं आहे. ग्रँट डफला यात राजाचा खुळेपणा दिसतो. मला त्यात सातारी खवचटपणा दिसतो. नटूनथटून आलेल्या माणसाला काही न बोलता गप्प करायची ही तऱ्हा इथल्या पारावर अजूनही चालते.

तर खंड्या सगळ्यांना ठाऊक. त्याच माहुलीत येसूबाईंचं वृंदावन आहे, ते मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. संभाजी महाराजांची राणी. १६८९ साली रायगड पडला तेव्हा मोगलांच्या हाती लागलेली, १७१९ साली सुटून साताऱ्यात आलेली. तीस वर्षं कैदेत. मुलगा शाहू तिच्या आधी बारा वर्षं सुटून आला, तोवर तीही बरोबर होती; पुढची वर्षं त्याच्यावाचून. ती साताऱ्यातच वारली. तिची समाधी माहुलीत आहे एवढं माहीत होतं. पण इतक्या दगडांत नेमकी कुठली, हे आत्ता आत्ता, इतिहासाच्या अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं लावून दाखवेपर्यंत गावाला ठाऊक नव्हतं. म्हणजे माझं सगळं लहानपण मी महाराणीच्या आसपास कुठंतरी गोट्या खेळलो आणि हात फिरवला तो कुत्र्यावर.

हे सगळं मला सुचलं ते आईच्या बाराव्याला.

बाराव्याला सपिंडी असते. गेलेल्या माणसाच्या पिंडाचे तीन भाग करून ते आधीच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिसळायचे. आई गेली की तिला तिच्या सासूत, आजेसासूत आणि पणजेसासूत मिळवायचं. सून म्हणून आली त्याच रांगेत. गुरुजी मांडी घालून बसले, दर्भ नीट केले आणि म्हणाले, "आजीचं नाव?" ते मी सांगितलं. "पणजीचं?" मी काकांकडं बघितलं. काकांनी धाकट्या काकांकडं. "खापरपणजीचं?" आता सगळेच नदीकडं बघायला लागले. पुरुषांची नावं विचारली असती तर सात पिढ्या घडाघडा आल्या असत्या, तीही गावच्या पाटलांशी असलेल्या भांडणांसकट. गुरुजींना यात काही नवं नव्हतं. ते घड्याळाकडं बघत म्हणाले, "एक गंगा म्हणा, एक यमुना म्हणा. चालतं."

आणि मी म्हटलं. दोन नद्यांच्या नावानं आई दोन माणसांत मिसळली. कृष्णाकाठी बसून गंगा आणि यमुना. निदान वेण्णा तरी म्हणायचं.

त्या वर्षी मला साताऱ्यातल्या नावांचा नाद लागला. नोकरीसाठी बाहेर पडून तीस वर्षं झालेला माणूस गावी परतला की त्याला काहीतरी नाद लागतोच. कुणी शेती करतो, कुणी सकाळी अजिंक्यतारा चढतो. मी पाट्या वाचत हिंडायला लागलो. राजवाड्यापासून मोती चौक, तिथून खण आळी, खाली पोवई नाक्यापर्यंत. आमच्या या गावात माणसांच्या नावाच्या पेठा आहेत. यादोगोपाळ पेठ, चिमणपुरा, बसाप्पा पेठ, मल्हार पेठ. मी यादोगोपाळ पेठेतल्या सात-आठ जणांना विचारलं, हे यादो गोपाळ कोण? एकानं सांगितलं, कुणीतरी सावकार असतील. दुसरा म्हणाला, "नगरसेवक असंल जुना." त्या माणसाचं नाव रोज कितीतरी पाकिटांवर, वीजबिलांवर, लग्नपत्रिकांवर छापलं जातं. एवढं नाव टिकलं आणि आत माणूस नाही. रिकाम्या वाड्याला नुसती दिंडी उभी असावी तसं.

उलटंही आहे. लिंबची बारा मोटांची विहीर बघायला आता गाड्या भरभरून लोक येतात. महामार्गावरून आत वळलं की काही मिनिटांत. वरून शिवलिंगासारखा आकार, शंभर फुटांवर खोल, पन्नास फूट रुंद, आणि वर एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी सोय. काम १७१९ ते १७२४ या काळातलं. लोक पायऱ्यांवर फोटो काढतात, कोरलेले वाघ आणि हत्ती बघतात, मोटांच्या जागेवर पाय सोडून बसतात. बांधणारीचं नाव शिलालेखात आहे, वीरूबाई भोसले. ते वाचायला थांबणारा मात्र मला एकही दिसला नाही.

वीरूबाई शाहू महाराजांची लग्नाची राणी नव्हती. मोगलांच्या छावणीत शाहूंचं लग्न झालं तेव्हा नवरीबरोबर दासी म्हणून आलेली ही मुलगी. असं सांगतात की बादशहानं नवी सून बघायला बोलावली तेव्हा राणीऐवजी हिलाच नटवून पुढं केलं. खरंखोटं त्या छावणीला माहीत. पण पुढं साताऱ्यात महाराजांचा सगळा संसार हिच्या हातात होता. राण्या दोन होत्या आणि त्यांच्यात भांडणं होती. घर चालवलं ते हिनं. अक्कलकोटचं घराणं ज्यांच्यापासून सुरू झालं ते फत्तेसिंह भोसले, ते हिच्याच मांडीवर वाढले. १७४० साली ती गेली तेव्हा महाराज फार खचले. मला त्या विहिरीची एक गोष्ट आवडते. दासी म्हणून आलेल्या बाईनं आपल्या नावानं देऊळ नाही बांधलं, समाधी नाही. पाण्याची सोय केली, तीही आंब्याच्या बागेसाठी. घर चालवणाऱ्या बाईचं डोकं.

याच लिंबला, वीरूबाईनंतर शंभर वर्षांनी, एक पालखी येऊन थांबली. सप्टेंबर १८३९. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी गादीवरून काढलं, रात्रीत राजवाड्यातून उचललं आणि आधी इथं आणलं. मग काशीला. त्या प्रवासात त्यांचे भाऊबंद बाळासाहेब सेनापती वाटेतच वारले. साताऱ्याहून काशी म्हणजे किती पावलं? पालखीतल्यांची नावं तवारिखेत आहेत. पालखीखालच्या खांद्यांची नाहीत. मी शोधायचा प्रयत्नही केला नाही, खोटं कशाला बोलू.

महाराजांची बाजू मांडायला साताऱ्यातून एक माणूस लंडनला गेला. रंगो बापूजी गुप्ते. भोरजवळच्या कारी गावचे, शिवाजी महाराजांच्या बरोबरच्या दादाजी नरस प्रभूंच्या घराण्यातले. तिथं राहायचं म्हणून इंग्रजी शिकले. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत भाषणं केली, अर्ज केले, पत्रकं छापली. त्यांना वाटलं असेल, वर्षभरात काम होईल. चौदा वर्षं लागली आणि झालं नाही.

या चौदा वर्षांच्या मधल्या भागाशी मी नेहमी अडतो. १८४७ साली प्रतापसिंह महाराज काशीत वारले. ज्यांचा वकील म्हणून गेले तो अशीलच गेला. पुढच्याच वर्षी गादीवर बसवलेले भाऊ अप्पासाहेबही गेले आणि डलहौसीनं दत्तक नाकारून राज्यच खालसा केलं. अशील नाही, राज्य नाही. तरी हा गृहस्थ लंडनात आणखी पाच वर्षं थांबला. थंडी, कर्ज, परका मुलूख, जेवणाचे हाल. सकाळी उठून कुठल्या कचेरीत जायचं आणि काय मागायचं? मी स्वतः एका कचेरीत घराच्या नोंदीसाठी अकरा महिने हेलपाटे घातले आहेत. सातव्या महिन्यापासून माणूस कामासाठी जात नाही, सवयीनं जातो. रंगो बापूजींचं तसं नसावं. कारण १८५३ अखेर ते निघाले, साताऱ्यात परत आले, आणि थकून घरी बसले नाहीत. लंडनमध्ये १८५३ साली नानासाहेबांचा वकील अजीमुल्ला होता. दोघांची तिथंच गाठ पडली आणि उठावाचं बीज तिथं पेरलं गेलं असं बरेच सांगतात. गाठ पडली असो वा नसो, अर्जांनी काय होतं हे चौदा वर्षं अनुभवलेल्या माणसाला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती.

१८५७ साली साताऱ्यातला कट फुटला. मानसिंग नावाच्या शिपायाला जूनमध्येच फाशी झाली. राजघराण्यातल्या माणसांना, बायकांसकट, मुंबईजवळच्या बुचर बेटावर नेऊन ठेवलं. ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना मारलं: पाच फाशी, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून. त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता.

आणि रंगो बापूजी? ते सापडले नाहीत. वेष पालटून निसटले म्हणतात. कुठं गेले, कधी वारले, कुणी अग्नी दिला, त्याचा पत्ता नाही. लंडनमधला त्यांचा एकेक अर्ज फायलीत सापडतो; मरणाची मात्र कुठं नोंद नाही. कावळ्याला काय सांगितलं असतं कुणी? खंड्याला समाधी आहे. ज्यांनी छत्रपतींसाठी आपला मुलगा घालवला त्यांच्या नावाचा पिंड कुठल्या घाटावर ठेवला, कधी ठेवला, ठेवला का, काही कळत नाही.

अजिंक्यताऱ्याच्या उतारावर चार भिंती आहे. दसऱ्याची मिरवणूक राजघराण्यातल्या बायकांना वरून बघता यावी म्हणून प्रतापसिंह महाराजांनी १८३० साली ती बांधली. नंतर तिथं सत्तावन्नच्या हुतात्म्यांचं स्मारक झालं. आमच्या कॉलेजच्या वेळी तिथं फक्त दोन प्रकारची माणसं जात: वाऱ्यावर अभ्यास करणारी आणि अभ्यास करतो असं घरी सांगून गेलेली. मी दुसऱ्यांतला. स्मारकाच्या पायथ्याशी बसून भेळ खाल्ली आहे, खाली दिवे लागताना बघितले आहेत. तिथली नावं पहिल्यांदा वाचली ती पन्नाशीनंतर.

एक गोष्ट मला या फिरण्यात लक्षात आली आणि ती फारशी गोड नाही. सतराजणांचा हिशोब आपल्याकडं आहे तो मारणाऱ्यांनी ठेवला म्हणून. खटला चालवायचा तर नाव, बापाचं नाव, जात, वय लिहावं लागतं. जे कुणाच्या आरोपात आले नाहीत, ज्यांनी नुसती भाकरी बांधून दिली, रात्री दार उघडलं, त्यांची फाईल झालीच नाही.

कारकुनाच्या शाईचीच दुसरी गोष्ट राजवाड्यातली. तिथं शाळा भरायची. आज तिला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथं इंग्रजी पहिलीत एक मुलगा दाखल झाला. रजिस्टरमध्ये क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. ती नोंद करणाऱ्या कारकुनाचा मी पुष्कळदा विचार करतो. त्याचा त्या दिवशीचा तो कितवा प्रवेश असेल? टाक दौतीत बुडवून, नाव विचारून, पुढचा या म्हणाला असेल. साताऱ्यातल्या कुणाही माणसानं केलेलं याहून मोठं लेखन मला तरी ठाऊक नाही, आणि त्यानं ते डुलक्या घेत केलं असणं सहज शक्य आहे.

पुढच्याच वर्षी हाच मुलगा घरातल्या इतर मुलांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. वडील गोरेगावला नोकरीवर. मुलं नवे कपडे घालून मसूर स्टेशनावर उतरली, पण घ्यायला कुणी नव्हतं. पत्र पोचलं होतं; वडिलांच्या नोकरानं ते द्यायचं विसरून टाकलं होतं. पुढची हकिगत बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. जात कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. गाडीवान मिळेना, शेवटी एक तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि मुलांनी गाडी हाकायची, त्यानं बाजूनं चालायचं, अशा अटीवर. मुलांजवळ डबा होता आणि रात्रभर कुणी पाणी दिलं नाही, म्हणून जेवता आलं नाही. ज्या मुलखात कुत्र्याला पालखी होती, बारा मोटांची विहीर होती, त्याच मुलखात.

त्या गाडीवानाचं नाव कुणी लिहिलेलं नाही. विसरभोळ्या नोकराचंही नाही. मसूरच्या बाजूला कुणाच्या तरी घरी तो गाडीवान खापरपणजोबा म्हणून सात पिढ्यांच्या यादीत मानानं बसलेला असेल. आमच्याच घरी नसेल कशावरून? आमचं मूळ गाव तिकडंच. आमच्या पुरुषांची नावं घडाघडा येतात म्हणालो ना, त्यात कुणी काय केलं हे मात्र येत नाही.

आत्याला फोन केला. ती शहाऐंशीची. कानाला कमी, पण आठवण शाबूत. म्हटलं, तुझ्या आजीचं नाव काय?

"जिजी."

"अगं, खरं नाव."

"सगळे जिजीच म्हणायचे. आबापण जिजीच म्हणायचे, तिचा पोरगा असून. आजोबा 'ऐकलंस का' म्हणायचे." मग थोडं थांबून, "माहेर रहिमतपूरचं होतं. लग्नात नाव बदललं म्हणायची. जुनं सांगायची नाही. पिठलं असं करायची की..." आणि पुढची दहा मिनिटं पिठल्यावर गेली. लसूण ठेचायचा, चिरायचा नाही. तव्यावर नाही, लोखंडी कढईतच. खरपुडीसाठी आत्या आणि बाबांची मारामारी व्हायची. मी मधेच विचारलं, "आणि तिच्या सासूचं?" पलीकडं शांत. मग म्हणाली, "ती फार मारायची म्हणे जिजीला. नाव कशाला घेतीय ती."

भाद्रपदात पुन्हा माहुलीला गेलो. आईचं वर्षश्राद्ध झालं होतं, आता पितृपक्षातलं. कृष्णेला पाणी भरपूर होतं, घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडालेल्या. गुरुजी तेच. आईचं नाव झालं, आजीचं झालं.

"पणजीचं?"

"जिजी."

"हे टोपणनाव झालं."

"तेवढंच आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पळीत पाणी घेतलं. श्राद्धात बायकांच्या नावाला 'दा' लावतात. "जिजीदा म्हणा," ते म्हणाले. मी म्हटलं. पुढं ते चौथं नाव विचारतील म्हणून मी तयार होतो. पण ते दक्षिणेची दिशा बघून तीळ सोडायला लागले. विचारलं तेव्हा म्हणाले, "आता आई आली ना वर. तीनच पिढ्या. त्यापुढच्यांना नावानं बोलवत नाहीत."

यमुना सुटली होती. वर आलो तर भावाची नात खंड्याच्या पाठीवर बसली होती, आणि ओरडायला आत्या नव्हती.